बुटाचा खिळा टोचलेलं संत्रं

आजही गाडी चालू करण्याआधी मी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीत डोकावून बघते. नवरा विचारतो, "आत काय वाघ बसलाय?" पांढुर्ण्याला ज्या घरात मी भाड्याने राहिले तिथे ही सवय मला लागली. सर्दी जशी एकाची दुसऱ्याला होते, तसा संशयही घरातल्या घरात पसरतो. त्या घराचे मालक म्हणजे काकाजी. गल्लीतले लहानथोर त्यांना काकाजीच म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला गेले होते. खोली बघायला गेले तेव्हा काकाजींनी मला समोर बसवलं आणि माझं शिक्षण, गाव, आडनाव सगळं सोडून पहिला प्रश्न टाकला, "नदीच्या पल्याड कोनी नातेवाईक हाये का तुमचा?"

"जाम नदीच्या? नाही."

झालं. ते एकदम पुढे सरकले. "आजच आले म्हनता, मंग नदीचं नाव कसं मालूम?"

मी म्हटलं, पुलावरच्या पाटीवर वाचलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पदरात हसत होत्या. "पोरीले आत येऊ द्या," त्या म्हणाल्या, "पाटी वाचनं काई गुन्हा नाई." खोली मिळाली, पण पुढे कित्येक दिवस काकाजी मला बोलता बोलता मधेच विचारायचे की पाटी कोणत्या बाजूची वाचली, इकडची की तिकडची.

त्यांचा स्वभाव असा का झाला याचं सरळ कारण होतं. आयुष्यभर त्यांनी वीज खात्यात मीटर तपासले होते. कोणी तारेवर आकडा टाकतो, कोणी मीटरला चुंबक लावतो, कोणी साहेब आले की पंखे बंद करून घाम पुसत बसतो, हे बघण्यात माणसाची अर्धी हयात गेली की तो सकाळी दूधवाल्याच्या कॅनमध्येही आकडा शोधतो. काकाजी शोधायचे. दूध घेताना ते दूध पाहत नसत, दूधवाल्याचा चेहरा पाहत. पाहुणा आला की त्याच्या चपला कोणत्या दिशेने काढल्या आहेत ते बघून तो किती वेळ बसणार आणि कशाला आला याचा अंदाज बांधत. बाजारातून घरी परत येताना गेलेल्या रस्त्याने येत नसत. निवृत्त माणसाचा पाठलाग कोण करणार, हे त्यांना कोणी विचारलेलं मला आठवत नाही, कारण विचारणाऱ्यावरच संशय आला असता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इश्वास ठेवाले माही काईच हरकत नाई. पयले तपासाचं, मंग ठेवाचा." तपासून झालं आणि विश्वास ठेवायची वेळ आली, असं मी कधी पाहिलं नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध त्यांची गाडी होती. जुनी, गोल पाठीची, पांढऱ्याची पिवळी झालेली ॲम्बॅसिडर. खात्यातल्या कोण्या साहेबाची, लिलावात घेतलेली. जीव होता त्यांचा तिच्यावर. काकूंचे गुडघे गेले होते, त्यांना ना स्कूटरवर बसता येई ना बसची पायरी चढता येई. डॉक्टरकडे जायचं, लग्नाला जायचं, मोहगावच्या मळ्यात जायचं, सगळं त्या गाडीतून. पण उभी असली की गाडीभोवती काकाजींचा पहारा असे. बॉनेटच्या फटीत काळा दोरा. डिकीच्या कुलपावर खडूची रेघ. आणि सायलेन्सरच्या नळीच्या तोंडात बूच म्हणून एक कच्चं संत्रं.

परसात संत्र्याची दोन झाडं होती. त्यातलं नेमकं मापाचं, लिंबाएवढं हिरवं फळ ते शोधून काढत आणि नळीत दाबून बसवत. का, तर कोणी आत साखर टाकेल, माती टाकेल, चिंधी कोंबेल. मी एकदा म्हटलं, "काकाजी, साखर पेट्रोलच्या टाकीत टाकतात, नळीत टाकून काय होणार?" तर म्हणाले, "हे तुमाले कोनं सांगतलं?" एवढ्यावर भागत नव्हतं. आपलं फळ काढून कोणी दुसरं बसवलं तर? म्हणून प्रत्येक फळात ते बुटाचा एक बारीक खिळा टोचत. सकाळी फळ काढायचं, खिळा बघायचा, मगच किल्ली फिरवायची. मी सुरुवातीला खूप हसले. मग एका सकाळी मीच वरून ओरडून विचारलं, "काकाजी, खिळा आहे ना?" आणि लक्षात आलं की आपलंही काही खरं नाही.

गाडीच्या डिकीवर एक खोल पोचा होता. वाटीभर पाणी मावेल एवढा. पांढुर्ण्याचा माणूस त्याकडे बघितलं की न सांगता ओळखतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, असते, नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मधे दगड. मी येण्याआधी एका वर्षी त्या दिवशी काकाजींनी गाडी जिथे दगड पोचूच शकत नाही अशा जागी, स्वतः तपासून, उभी केली होती. दगड पोचला. आणि काकाजींच्या मते तो चुकून आलेला नव्हता, नेम धरून मारलेला होता. मारणारा कोण तेही त्यांना ठाऊक होतं. काकूंचा सख्खा धाकटा भाऊ.

काकू सावरगावच्या. त्यांचा हा भाऊ, बापू, पुलापलीकडे सायलेन्सर आणि पत्र्याच्या कामाचं गॅरेज चालवायचा. त्या दिवशी तो तिकडच्या काठावर उभा होता, एवढं खरं. पण तिकडच्या काठावर सगळं सावरगावच उभं होतं. काकाजींनी मात्र निकाल देऊन टाकला आणि येणंजाणं बंद केलं. पोचा कधी ठोकून घेतला नाही. कोणी म्हटलं की काकाजी, हे काढून घ्या, बरं दिसत नाही, तर म्हणत, "पुरावा हाये तो."

पुराव्याची शिक्षा काकूंनी भोगली. नदी ओलांडली की माहेर, आणि रक्षाबंधनाला राखी पोस्टाने जायची. गच्चीच्या ज्या कोपऱ्यातून सावरगावची घरं दिसतात, तिथेच त्या कपडे वाळत घालायच्या. तिथे ऊन सगळ्यात कमी यायचं. मला ते कळलं तेव्हा काकाजींचा असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतेय.

अशात गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. जुन्या गाडीचं पुन्हा पासिंग करायचं तर गाडी ठाकठीक पाहिजे, धूर मर्यादेत पाहिजे. सौंसरला परिवहनवाल्यांचा कॅम्प लागला होता. काकाजी साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले, कारण साक्षीदाराशिवाय ते सरकारी माणसासमोर उभे राहत नसत. तपासणाऱ्या साहेबाने नळीत यंत्राची दांडी घातली, आकडे पाहिले, खाली वाकून पाहिलं. सायलेन्सरचा डबा गंजून चाळणी झाला होता. धूर मागून कमी आणि मधूनच जास्त येत होता.

साहेब समजूतदार होता. "काका, डब्बा बदलवा, पाइप नवीन टाका, कार्बोरेटर सेट करा," त्याने सांगितलं. "गाडीची मूळ रचना तीच ठेवा, मनाचं काही करू नका. पोळ्याआधी इथंच पुन्हा कॅम्प आहे. तेव्हा नाही झालं, तर मग ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. भंगारातच द्यावी लागेल."

भंगार हा शब्द ऐकून काकाजींनी गाडीच्या टपावर हात ठेवला. तो हात घरी येईपर्यंत मला आठवत राहिला.

जुन्या गाडीचा डबा कुठे मिळेना. मग सल्ले सुरू झाले. एका मेकॅनिकने हळूच सांगितलं की यंत्राच्या दांडीच्या थोडं अलीकडे पाइपला बारीक छिद्र पाडायचं. बाहेरची हवा आत जाते, धूर पातळ होतो, आकडे खाली येतात. सगळेच करतात.

काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याच्या हातातला पाना खाली गेला. "म्हंजे मीटरले आकडा टाकाचा? मी? आयुष्यभर लोकाईचे आकडे काढले, आन आता सोताच्या गाडीले टाकू?" तिथून तडक निघाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस नुसता संशयी नाही. त्याला खरं पाहिजे असतं, आणि ते कुठे मिळेल यावर मात्र त्याचा भरवसा नसतो.

घरी आल्यावर काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तसा डब्बा हातानं बनवणारा या भागात एकच हाये."

काकाजी पंख्याचं बटण तपासू लागले.

"नाव घेऊ का?"

"मालूम हाये मले."

"मंग? गाडी भंगारात गेली तं मी घराच्या बाहेर कशी निघन? दवाखान्यात मले कडेवर घेऊन जाता का?" मग काकूंचा आवाज बदलला. "आन खरं सांगू? गाडीचं तं निमित्त हाये. मले माह्या भावाचं तोंड पाहाचं हाये. गाडीच्या बहाण्यानं का होईना, माहा रस्ता खुला करा."

एवढं स्पष्ट त्या कधी बोलल्या नव्हत्या. काकाजी उठून परसात गेले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि आत येऊन मला म्हणाले, "मॅडम, रविवारी रिकाम्या हाये का तुमी? साक्षीले याचं हाये. सावरगावले."

रविवारी काकू नवीन लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. पूल ओलांडताना त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

बापू म्हणजे दांडगा, बोलका, स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करणारा माणूस. बहिणीला पाहून तो मात्र नुसता खुर्ची पुसत राहिला, पुसलेलीच. काकाजी त्याच्याशी बोलायला तयार नव्हते. मग सगळं माझ्यामार्फत.

"मॅडम, त्याले इचारा, पत्रा कोनता वापरन."

"मॅडम, भावजींना सांगा, जाड वापरीन. माह्या हातचा डब्बा गाडीच्या नंतर मरन."

"मॅडम, त्याले सांगा, जुन्या पाइपाचं शेवटचं तोंड तसंच ठेवाचं. त्याच्यावर माही खूण हाये. पूर्न नवा टाकला तं बदलला का नाई, मले कसं समजन?"

बापूने डोक्याला हात लावला. "मॅडम, सांगा त्यांना, नवा पाइप जरा मोठ्या मापाचा हाये. जुनं तोंड बारीक. जोड तं देईन, पण आतून थोडी पायरी राहीन."

"राहू दे," काकाजी थेट म्हणाले, आणि थेट बोललो म्हणून स्वतःच दचकले.

काम चांगलं झालं. बापूने डबा बसवला, कार्बोरेटर सेट केला, आणि गाडी अशी चालू झाली की आवाज कमी आणि दम जास्त. काकू चहा करायला भावाच्या घरात गेल्या होत्या, तिथून हसण्याचा आवाज येत होता. काकाजींनी चहा घेतला नाही, पण निघताना हॉर्न वाजवला. त्यांच्या हिशोबाने हा फार मोठा निरोप होता.

सावरगावच्या माणसाचा हात गाडीला लागल्यामुळे त्या संध्याकाळी पहारा दुप्पट झाला. दोऱ्याच्या जागी दोन दोरे आले. संत्रं तर त्यांनी छत्रीच्या दांड्याने ठोकून बसवलं, कोणाच्या बोटांनी निघू नये म्हणून. सकाळी बघतात तर नळीचं तोंड रिकामं. खाली फळ नाही, आजूबाजूला नाही.

"चोरलं," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि थोडा आनंदही. "मी सांगून नव्हतो राहिलो?"

किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, बंद पडली. पुन्हा तेच. मागच्या जोडातून फुसफुस आवाज येत होता. गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही जाईना, आणि कॅम्प दुसऱ्या दिवशी होता. काकाजींच्या डोक्यात खटला तयार झाला. सावरगाववाल्याने काम करताना आत चिंधी कोंबली, आणि रात्री माणूस पाठवून फळ काढून नेलं. फळ कशाला काढून नेलं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पण बाकी सगळ्याचं होतं.

काकू दारात उभ्या होत्या. "बापू असं नाई करणार," त्या म्हणाल्या. इतकंच. पण त्यांचा चेहरा पडला होता. कालचं लुगडं अजून दोरीवर वाळत होतं. मला काकाजींवर ओरडावंसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा संशय मलाही आला. बापू फारच गोड बोलत होता.

काकाजींनी ठरवलं की पाइप सगळ्यांसमोर कापायचा. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत सावरगावला नेली. आम्ही तिघं आत, मागे गल्लीतले चार रिकामे लोक. गॅरेजसमोर बघ्यांची गर्दी झाली. काकाजी खाली उतरून मोठ्याने म्हणाले, "काप. सगळ्याईच्या समोर काप. पाहू दे लोकाईले, सावरगावानं आत काय कोंबलं."

बापू रागाने लाल झाला होता, पण त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं. गाडी वर चढवली, चष्मा लावला, आणि बरोबर त्या जोडावर कटर चालवला. जुनं तोंड सुटलं. त्याच्या आतल्या पायरीवर, बाटलीला बूच बसावं तसं, एक धुराने काळवंडलेलं, लिंबाएवढं संत्रं अडकलेलं होतं.

मी काकाजींच्या बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. संत्र्यात बुटाचा खिळा होता.

काकाजींनाही दिसला. बापूलाही. छत्रीच्या दांड्याने फळ बारीक तोंडातून आत ढकललं गेलं होतं, आणि किल्ली फिरवल्यावर धुराने ते मोठ्या पाइपातून मागे रेटून पायरीवर बसवलं होतं. काकाजींचं तोंड एवढं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गर्दी विचारत होती, काय निघालं, काय निघालं.

बापूने संत्रं उचललं. उचलताना खिळ्याची बाजू तळहातात धरली आणि फळ सगळ्यांना दाखवलं. "माहीच गलती हाये, भावजी," तो मोठ्याने म्हणाला. "मले संत्रं खात खात काम कराची सवय हाये. माह्याच हातून आत पडलं असन. माफ करा."

गर्दी हसली. कोणीतरी म्हणालं, इतकं आंबट कच्चं संत्रं कोण खाते बे? बापू म्हणाला, "मी खातो. तुले काय तरास?"

काकूंनी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांना खिळा दिसला नव्हता. काकाजींनी हात पुढे केला. बापूने संत्रं त्यांच्या हातात दिलं, अजून खिळा खालीच ठेवून. त्यांनी ते खिशात घातलं, आणि बापूने जोड पुन्हा सांधायला घेतला.

तेव्हा मला खरी भीती वाटली. कबुलीजबाब मिळाला, मुद्देमाल खिशात. आता हा माणूस ते संत्रंही पोचाशेजारी पुरावा म्हणून ठेवणार, आणि काकूंचा रस्ता कायमचा बंद. परतताना मी त्यांच्याकडे बघत होते, ते समोर बघत होते. गाडी मात्र छान चालत होती. दुसऱ्या दिवशी सौंसरला ती पास झाली. साहेबाने आकड्यांचा कागद दिला, काकाजींनी तो वाचलाही नाही. त्यांनी काहीतरी न तपासता खिशात टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही मला संशयास्पदच वाटलं.

त्याच हिवाळ्यात माझी बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या सामानाच्या पेट्या मोजल्या, माझ्यावरच्या नाही, टेम्पोवाल्यावरच्या संशयाने. काकू रडल्या. संत्र्याचा विषय कोणी काढला नाही.

मग परवा, बऱ्याच काळाने, बोरगावला एका लग्नाला गेले होते, तर मांडवाबाहेर तीच ॲम्बॅसिडर. मी आधी मागे गेले. नळीत डोकावले. रिकामी. डिकीवर हात फिरवला, तर पोचा नव्हता. ठोकून, रंग देऊन, असा काढला होता की बोटांनाच कळावं. असं काम या भागात एकच माणूस करतो.

"कोन हाये तिकडं?" समोरून आवाज आला. काकाजी. वाळले होते, पण नजर तीच. मला ओळखल्यावर म्हणाले, "मागून काहून आल्या? समोरून येता येत नव्हतं?"

काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, बाजूला मिठाईचा डबा. "इथून सरळ बापूकडं जाऊन राहिलो," त्या मला म्हणाल्या. "आता दर पंधरा दिवसाले जातो. हेच नेतात." त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

काकाजींनी मला पाणी देण्यासाठी समोरचा कप्पा उघडला. बाटलीच्या मागे प्लास्टिकच्या डबीत ते होतं. दगडासारखं वाळलेलं, काळं, खिळ्यासकट.

मला राहवलं नाही. "काकाजी, पोचा तर काढून टाकला. मग हा पुरावा अजून कोणाविरुद्ध ठेवलाय?"

त्यांनी मागे पाहिलं. काकू मिठाईच्या डब्याची दोरी बांधत होत्या. मग उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

"माह्याविरुद्ध. पन त्या सावरगाववाल्याले सांगू नका."